एकास चार की पाचांत एक? : औषधी द्रावणांच्या विरलनगणिताची भाषा

मार्च २०२० च्या अखेरीस बंगळूरच्या रस्त्यांवर तत्कालीन महानगरपालिकेच्या गाड्या सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण फवारीत फिरू लागल्या. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक जागांच्या निर्जंतुकीकरणासंबंधी जी मार्गदर्शिका प्रसृत केली, तिच्यात एक लहानसे कोष्टक होते. एक टक्का तीव्रतेचे द्रावण हवे असता विकत मिळणारे द्रव ३.५ टक्के तीव्रतेचे असेल तर त्याच्या एका भागास पाण्याचे अडीच भाग घ्यावेत, ५ टक्के तीव्रतेचे असेल तर एका भागास चार भाग घ्यावेत, असे त्यात सांगितले होते. या दोन ओळी बिनचूक आहेत. तथापि पाच टक्क्यांचे एक टक्का करावयाचे म्हणजे पाचपट पातळ करावयाचे, मग पाणी पाच भाग न घेता चारच भाग का, असा प्रश्न ती ओळ वाचणाऱ्या सफाई कामगारापासून परिचारिकेपर्यंत कोणाच्याही मनात येण्यासारखा होता. पाच भाग पाणी घातले तर द्रावण सुमारे ०.८३ टक्क्याचे होते. फरशी पुसण्यास तेवढे चालून जाते. शिरेतून द्यावयाच्या औषधात मात्र याच जातीचा गोंधळ दहापटीचा होऊ शकतो, आणि तेथे तो चालून जात नाही.

तीव्र औषधी द्रावण विरल करण्याचे गणित एका गुणाकारात आणि एका भागाकारात संपते. परिचर्येच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला ते येते, किंबहुना शाळेच्या सातवी-आठवीतल्या मुलालाही यावे. असे असूनही त्यात चुका होतात, आणि बारकाईने पाहिले असता त्यांपैकी बऱ्याच चुका अंकांत नसून अंकांभोवतीच्या शब्दांत आढळतात. ‘एकास चार’, ‘पाचांत एक’, ‘पाचपट’, ‘शेकडा पाच’ हे शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात आणि एकमेकांच्या जागी बसविले जातात. म्हणून हा विषय वैद्यकाइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही ठरतो.

प्रथम गणित पाहू जाता, त्याचे मर्म एवढेच की पाणी घातल्याने द्रावणाचे आकारमान वाढते, त्यात विरघळलेले औषध मात्र होते तेवढेच राहते. एक लिटर पाच टक्के द्रावणात पन्नास ग्रॅम द्राव्य असेल, तर पाणी घालून त्याचे पाच लिटर केल्यावरही द्राव्य पन्नास ग्रॅमच असते. ते आता पाच लिटरांत पसरलेले असल्यामुळे दर लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे एक टक्का होते. मूळ तीव्रता गुणिले मूळ आकारमान हे इष्ट तीव्रता गुणिले इष्ट आकारमान याच्याबरोबर असते, हे आजच्या पाठ्यपुस्तकातील समीकरण याच गोष्टीचे दुसरे रूप होय. तीव्रता जितक्या पटीने उतरावयाची तितक्या पटीने आकारमान चढावयाचे. पाचपट व्हावयाचे ते एकूण आकारमान. त्यातला एक भाग आधीच भांड्यात आहे, म्हणून घालावयाचे पाणी चार भाग.

एक राशी चढली असता दुसरी उतरते, अशा संबंधाला भारतीय गणितपरंपरेत व्यस्त त्रैराशिक असे नाव आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (शके १०७२, इ. स. ११५०) त्याची तीन क्षेत्रे नेमकी सांगितली आहेत : जिवंत प्राण्यांचे वय व मोल, सोन्याचे वजन व वर्ण, आणि धान्यराशीची भिन्न मापांनी होणारी मोजणी. पहिल्या क्षेत्राचे उदाहरण दासीच्या वयाचे व किमतीचे आहे. ते आज वाचताना मन संकोचते आणि ‘लीलावती’चे गोडवे गाताना ते सहसा वगळले जाते. उरलेली दोन क्षेत्रे मात्र रुग्णालयाच्या औषधघरात जशीच्या तशी उभी आहेत.

धान्यराशीचे उदाहरण असे की, सात आढकांच्या मापाने राशी मोजली असता शंभर मापे भरली, तर पाच आढकांच्या मापाने किती भरतील? राशी बदलत नाही, माप लहान होते, म्हणून संख्या वाढते, उत्तर १४०. आता इन्शुलिनचा प्रकार पाहावा. भारतात कुपीत मिळणारे इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० एकक तीव्रतेचे असते, तर पेनमध्ये घालावयाच्या काडतुसातील दर मिलिलिटरला १०० एकक तीव्रतेचे असते. पिचकाऱ्याही दोन जातींच्या आहेत. ४० च्या पिचकारीचे टोपण लाल, १०० च्या पिचकारीचे नारिंगी. ज्याने १०० तीव्रतेचे इन्शुलिन ४० च्या पिचकारीत ओढले, त्याने पिचकारीवर ‘चाळीस’ वाचले तरी आत शंभर एकक असतात, म्हणजे अडीचपट. सात आढकांचे माप हाती धरून पाच आढकांचा हिशेब केल्यासारखे हे झाले. धान्यात अशी चूक झाली तर तोटा होतो. इन्शुलिनमध्ये रक्तातील साखर झपाट्याने उतरून रोगी बेशुद्ध पडतो, प्रसंगी दगावतो.

सोन्याचे क्षेत्र याहून महत्त्वाचे आहे, कारण तीव्रतेची कल्पना तेथे पूर्णपणे घडलेली दिसते. वर्ण म्हणजे सोन्याची शुद्धता. ‘लीलावती’त सोळा वर्णांचे सोने शुद्ध धरले आहे, ‘कौटिलीय अर्थशास्त्रा’तही सोळा वर्णकांची श्रेणी आहे. वजन व वर्ण यांचा गुणाकार म्हणजे त्या तुकड्यातील खऱ्या सोन्याचे मान. आजच्या भाषेत, द्राव्य. भास्कराचार्यांच्या उदाहरणात १३, १२, ११ व १० वर्णांची सोनी अनुक्रमे १०, ४, २ व ४ मासे घेऊन एकत्र आटविली आहेत. गुणाकारांची बेरीज २४०, एकूण वजन २० मासे, म्हणून मिश्रणाचा वर्ण १२. पुढे तेच वीस मासे शोधून सोळा मासे उरले तर वर्ण किती, असा प्रश्न आहे. २४० ला १६ ने भागून १५ येतात. पहिल्या भागात मिश्रण आहे, दुसऱ्यात आटवून तीव्र करणे आहे, आणि दोन्हींत २४० हा अंक ढळत नाही. विरलनाच्या गणितात विद्यार्थिनीने जर एकच गोष्ट घट्ट धरून ठेवावयाची असेल, तर ती हा न ढळणारा अंक होय.

श्रेणीचे भाग किती कल्पावेत हा केवळ रूढीचा प्रश्न आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त हिंदुस्थानातील उत्तम सोन्याला बारा बानी म्हटले आहे. मराठीत ते बावनकशी आहे, शिवाय शंभर नंबरीही आहे. सोनाराच्या दुकानात चोवीस कॅरट आहे. मद्यार्काच्या अबकारी हिशेबात तर ‘प्रूफ’ नावाची निराळीच श्रेणी चालत आली. बंदुकीची दारू मद्यार्कात भिजवूनही पेट घेते की नाही यावरून तिचा आरंभ झाला. म्हणजे ती शब्दशः कसोटीच. ब्रिटिश पद्धतीचे शंभर अंश प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. टक्का हा या मालिकेतील आणखी एक मणी आहे. त्यात स्वतःसिद्ध असे काही नाही. मराठीने ‘कस’ हा शब्द सोन्यावरून उचलून जमिनीला, माणसाला, प्रसंगाला लावला, परंतु औषधी द्रावणाला लावला नाही, याचे नवल वाटते. ‘या द्रावणाचा कस किती’ असे विचारले असते तर कोणाही मराठी माणसाला लगेच समजले असते.

दोन भिन्न तीव्रतांची द्रावणे मिसळून मधली तीव्रता साधण्याचा प्रश्न रुग्णालयात नेहमी येतो. नवजात अर्भकाच्या रक्तातील साखर घसरली तर दहा टक्के डेक्स्ट्रोज हवे असते. हाताशी पुष्कळदा २५ टक्के व ५ टक्के अशा बाटल्या असतात. इंग्रजी औषधनिर्माणशास्त्रात यासाठी ‘ॲलिगेशन’ नावाची फुलीची पद्धत शिकवितात. डावीकडे वर २५, खाली ५, मध्ये १०. तिरप्या रेषेने वजाबाक्या करावयाच्या. २५ तून १० वजा जाता १५ हे पाच टक्क्यांचे भाग, १० तून ५ वजा जाता ५ हे पंचवीस टक्क्यांचे भाग. प्रमाण तीन भागांस एक. ५०० मिलिलिटर करावयाचे तर पाच टक्क्यांचे ३७५ व पंचवीस टक्क्यांचे १२५ मिलिलिटर. पडताळा घ्यावयाचा तर १८.७५ अधिक ३१.२५ म्हणजे ५० ग्रॅम साखर ५०० मिलिलिटरांत.

हाच नियम ‘लीलावती’त सुवर्णगणिताच्या प्रकरणात आहे. उच्च वर्णातून इष्ट वर्ण वजा करावा, इष्ट वर्णातून हीन वर्ण वजा करावा. पहिली बाकी हीन सोन्याचे मान देते, दुसरी उच्च सोन्याचे. उदाहरण १६ व १० वर्णांच्या दोन गोळ्यांचे आहे; त्या आटवून १२ वर्णांचे सोने झाले, तर प्रत्येकीचे वजन काय? उत्तर दोन व चार. यातली तिरकी अदलाबदल विद्यार्थ्याला जादूसारखी वाटते, पण तिची उपपत्ती साधी आहे. सोळा वर्णांच्या प्रत्येक माशात इष्टापेक्षा चार अधिक आहेत, दहा वर्णांच्या प्रत्येक माशात दोन उणे आहेत. दोन माशांचे आठ अधिक, चार माशांचे आठ उणे; अधिक-उणे फिटले. डेक्स्ट्रोजमध्ये पंचवीसच्या एका भागातले पंधरा अधिक, पाचाच्या तीन भागांतल्या पाच-पाच उण्यांनी फिटतात. असे एकदा सांगितले म्हणजे फुली पाठ करावी लागत नाही. शुद्ध पाणी हे शून्य वर्णाचे धरले तर हीच रीत व्यस्त त्रैराशिकात विरून जाते : २५ चे १० करावयाचे तर पाण्याचे १५ भाग, द्रावणाचे १०.

या रीतीचा प्रसार नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुस्तकी विद्या आणि पेठेतला व्यवहार यांच्यात फार अंतर होते हा समज येथे टिकत नाही. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त, म्हणजे राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळी, नवव्या शतकात कन्नड भूमीत रचलेल्या ग्रंथात, सोन्याच्या मिश्रणाचे गणित मिश्रक व्यवहारात ‘सुवर्णकुट्टीकार’ या नावाने येते. त्याच राजाच्या दरबारी ‘कविराजमार्ग’ हा कन्नडचा उपलब्ध आद्य ग्रंथ सिद्ध झाला, हे साहित्याच्या अभ्यासकास सांगावयास नको. पुढे पावुलूरि मल्लन याने महावीराचार्यांचे गणित तेलुगूत आणले. मराठी प्रदेशात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे, परंतु मठाला कोणी काय द्यावयाचे हे सांगण्याची वेळ येताच भाषा मराठी होते, आणि त्यात घाण्यामागे पळी पळी तेल द्यावे अशी तरतूद येते. सिद्धान्त संस्कृतात आणि माप मराठीत, ही वाटणी बोलकी आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४६७ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही उपपत्तींसह टीका लिहिली, आणि आधुनिक मराठीत ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ (१९७१) आहे. बंगळूरच्या परिचर्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी मात्र हीच रीत ‘ॲलिगेशन’ या परक्या नावाने, इंग्रजीतून, उपपत्तीवाचून शिकते.

तरीही सोने आणि द्रावण यांचे साम्य ताणावयाचे नाही. सोनार वजन करतो, परिचारिका आकारमान मोजते, आणि आकारमानांची बेरीज वजनांच्या बेरजेसारखी प्रामाणिक नसते. अर्धा लिटर मद्यार्क व अर्धा लिटर पाणी एकत्र केल्यास एक लिटर भरत नाही. सुमारे ९६५ मिलिलिटर भरते. म्हणून ९५ टक्के स्पिरिटापासून ७० टक्क्यांचे एक लिटर करावयाचे झाल्यास ७३७ मिलिलिटर स्पिरिट घेऊन ‘२६३ मिलिलिटर पाणी घालावे’ असे म्हणणे चूक, ‘पाणी घालून एक लिटर करावे’ असे म्हणणे बरोबर. क्रियापदातला हा फरक औषधनिर्मितीच्या शिस्तीचा पाया आहे. इंग्रजी पुस्तके त्यासाठी ठरीव शब्दप्रयोग वापरतात. मराठी अनुवादात ‘घालून करावे’ याचे ‘घालावे’ होण्यास एका घाईची गरज असते.

वजन आणि आकारमान यांच्यातील हा झगडा आयुर्वेदालाही ठाऊक होता. ‘शार्ङ्गधरसंहिते’त कुडवापर्यंतची माने द्रव, ओल्या व सुक्या द्रव्यांना सारखीच मानली आहेत, प्रस्थापासून पुढे मात्र द्रव व ओल्या द्रव्यांचे मान दुप्पट घ्यावयाचे, आणि तुळेच्या मानाला हा दुपटीचा नियम लावावयाचा नाही. ‘प्रस्थ’ हा एकच शब्द सुक्या औषधाला एक अर्थ देतो, दुधाला दुसरा. शिवाय मागध व कालिंग अशा दोन मानपद्धती त्याच ग्रंथात आहेत. ही परिभाषा ज्याने वाचली नाही त्याच्या हाती काढ्याची कृती पडली, तर तो अक्षरशः अचूक वाचून अर्ध्या मानाने चुकेल. काढा स्वतः विरलनाच्या उलट दिशेचा व्यवहार आहे. कुटलेल्या औषधाच्या एका पळास सोळा पट पाणी घालून अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचे, म्हणजे सोळाचे दोन. क्षीरपाकात औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि दूध तेवढे शेष ठेवावयाचे. किती घातले यापेक्षा किती उरले यावर बोट ठेवणारी ही ‘अवशेषा’ची भाषा एकूण आकारमानाला महत्त्व देणारी आहे, हे येथे नोंदविण्यासारखे आहे.

आता मूळ गाठीकडे वळता येते. मराठीत प्रमाण सांगण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतला भेद विभक्तीत आहे. ‘एकास चार’ येथे चतुर्थी आहे : एक वेगळा, चार वेगळे, मिळून पाच. ‘पाचांत एक’ येथे सप्तमी आहे : पाच हे संपूर्ण, एक त्याच्या पोटात. गवंडी सिमेंट-वाळूचे प्रमाण सांगताना चतुर्थी वापरतो. शिक्षक उत्तीर्णांचे प्रमाण सांगताना सप्तमी वापरतो. कोणीही कोणाला हा भेद शिकविलेला नसतो. बंगळूरच्या वॉर्डात ज्या भाषा कानी पडतात त्यांतही तो शाबूत आहे. कन्नडात ‘ओंदक्के नाल्कु’ आणि ‘ऐदरल्लि ओंदु’, तमिळात ‘ओन्रुक्कु नान्गु’ आणि ‘ऐन्दिल् ओन्रु’, मलयाळममध्ये ‘ओन्निनु नालु’ आणि ‘अञ्चिल् ओन्नु’. आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांनी एकच काम एकाच जातीच्या प्रत्ययांवर सोपविले आहे.

हा भेद पुसतो कोण, तर दोन अंकांमधली दोन टिंबे. १:४ असे लिहिले की विभक्ती गळून पडते. वाचणाऱ्याने ती आपल्या मनातून भरावयाची, आणि येथे दोन व्यवसायांच्या दोन रूढी आड येतात. निर्जंतुक द्रव पातळ करण्याच्या सूचनेत १:४ म्हणजे बहुधा एकास चार. औषधाच्या कुपीवर १:१००० म्हणजे हजारांत एक, एक ग्रॅम औषध एकूण १००० मिलिलिटरांत. हजाराच्या जागी एक हजार एक झाले तर फरक नगण्य आहे. एकास चार आणि चारांत एक यांत मात्र २० टक्के आणि २५ टक्के एवढे अंतर पडते. संख्या लहान होत जाते तशी विभक्ती महाग होत जाते.

या चिन्हाचा दुसरा दोष याहून घातक आहे. ॲड्रेनॅलिन १:१००० म्हणजे दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. १:१०००० म्हणजे दर मिलिलिटरला दशांश मिलिग्रॅम. ज्याची संख्या मोठी ते औषध सौम्य. व्यस्त संबंध येथे चिन्हातच गाडला गेला आहे, आणि घाईच्या प्रसंगी कान ‘दहा हजार’ ऐकतो तेव्हा मन ‘अधिक’ असेच समजते. एक मिलिलिटर घेऊन त्यात नऊ मिलिलिटर घातले की दहापट विरल होते. ‘एकास दहा’ ऐकून दहा घातले तर अकरापट होते. दुसरी चूक किरकोळ, पहिली दहापटीची. अमेरिकेत २०१६ पासून ॲड्रेनॅलिनच्या वेष्टनावरून ही गुणोत्तराची पद्धत काढून टाकून केवळ दर मिलिलिटरचे मिलिग्रॅम छापण्याचा नियम झाला, तो याच कारणाने.

गुणोत्तराची ही लिहिण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या जंतुनाशकांच्या युगात सर्वतोमुखी झालेली होती. १८९६–९७ च्या मुंबई-पुण्याच्या प्लेगात आणि ऑगस्ट १८९८ पासून बंगळूरला ग्रासणाऱ्या प्लेगात घरे धुण्यासाठी पाऱ्याच्या परक्लोराइडाची जी द्रावणे वापरात होती, ती ‘हजारांत एक’ अशाच भाषेत मोजली जात. त्या काळी पिंप भरून भिंती धुवावयाच्या होत्या. तीच भाषा एका मिलिलिटरच्या कुपीवर आली तेव्हा तिचा भार वाढला, पण वळण तेच राहिले.

‘शेकडा’ या शब्दाची कथाही थोडी अशीच आहे. शेकडा पाच व्याज म्हणजे शंभरावर पाच. परत एकशेपाच येतात. शेकडा पाच डेक्स्ट्रोज म्हणजे एकूण शंभर मिलिलिटरांत पाच ग्रॅम. सावकारीचा शेकडा बाहेरून वाढतो, औषधाचा शेकडा आतून भरतो. ‘लीलावती’च्या मिश्रव्यवहारात मुद्दल-व्याजाची उदाहरणे आणि सुवर्णगणित जवळजवळ आहेत हे खरे, परंतु वर्णाचा हिशेब तेथे सदैव एकूण वजनावर केलेला आहे, त्यामुळे घोटाळा उद्भवत नाही.

परिभाषेच्या निर्मात्यांनी ‘विरल करणे’ या क्रियेला भारतीय भाषांत जी नावे दिली ती शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. मराठी शालेय परिभाषेत संहत आणि विरल. हिंदीत सांद्र आणि तनु. तमिळात ‘अडर्’ म्हणजे दाट आणि ‘नीर्त्त’ म्हणजे पाणावलेले. मलयाळममध्ये ‘गाढ’ आणि ‘नेर्प्पिच्च’, म्हणजे पातळ केलेले. कन्नडात ‘प्रबल’ आणि ‘साररिक्त’. यांपैकी तमिळ शब्द सर्वांत प्रामाणिक म्हटला पाहिजे, कारण काय घडले ते तो सांगतो : पाणी आले. मराठी ‘विरल’ कणांमधल्या अंतराचे चित्र उभे करतो आणि तेही यथार्थ आहे. कन्नड ‘साररिक्त’ उच्चारास भारदस्त खरा, पण सार निघून गेले असे तो सुचवितो. गणिताचा मूळ आधार तर सार जागच्या जागी आहे हाच. बोलीतला ‘सौम्य’ त्याहून फसवा. विरल झालेले औषध सौम्य झालेच असे नाही. शरीरात शेवटी जाते ती एकूण मात्रा, आणि पातळ केलेली बाटली पूर्ण दिली तर सगळे औषध गेलेच.

बंगळूर हे पूर्वीपासून अनेक भाषांचे गाव आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळातील त्यांच्या दरबाराचे जे वर्णन जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’त केले, त्यात भाषांची रेलचेल दिसते. आजच्या रुग्णालयात केरळातून आलेली परिचारिका, तमिळ साहाय्यक, कन्नड रोगी, आणि बेळगाव-निपाणीकडून शिकावयास आलेली मराठी विद्यार्थिनी एकाच खोलीत असू शकतात. लेखी सूचना इंग्रजीत असते. तोंडी सूचना वाटेत दोनदा भाषा बदलते. राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९६) परिचर्या अभ्यासक्रमात द्रावणांचे गणित इंग्रजीतून शिकविले जाते, हे व्यवहाराला धरूनच आहे. परंतु कन्नड वा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीजवळ चतुर्थी-सप्तमीचा जो आयता भेद आहे, तो वर्गात कोणी वापरून घेत नाही. तिला इंग्रजीतल्या दोन इवल्या शब्दयोगी अव्ययांतला फरक नव्याने घोकावा लागतो, आणि तो फरक तिच्या मातृभाषेत प्रत्ययाच्या ठोक्यासारखा स्पष्ट असतो. शिक्षकाने फळ्यावर १:४ लिहून झाल्यावर ते प्रत्येकीकडून तिच्या तिच्या भाषेत मोठ्याने वाचून घेतले, तर कोणाच्या मनात कोणती विभक्ती आहे ते तत्काळ बाहेर येईल. यास खर्च काही नाही.

विरलनाच्या गणितात सर्वांत धास्तीचे द्रव्य पोटॅशियम क्लोराइड. दहा मिलिलिटरच्या कुपीत ते १५ टक्के असते, म्हणजे दीड ग्रॅम, अथवा २० मिलिइक्विव्हॅलंट. विरल न करता शिरेत वेगाने गेले तर हृदय थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये तीव्र क्षारद्रावणे वॉर्डातील कपाटांत न ठेवण्याविषयी जी शिफारस केली, तिच्यामागे अशाच घटना होत्या. एक कुपी ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये घातली की दर लिटरला सुमारे ४० मिलिइक्विव्हॅलंट होतात. एकूण ५१० मिलिलिटर झाले हा फरक येथे सोडून देता येतो. हिशेब बरोबर आला, लिहिलेही बरोबर, बाटली टांगली. आणि तरीही धोका उरतो. तीव्र द्रावण जड असल्यामुळे ते बाटलीच्या तळाशी, नळीच्या तोंडाशीच साचून राहू शकते. मग पहिल्या काही मिनिटांत रोग्याच्या शिरेत जे जाते ते कागदावरच्या उत्तराशी जुळत नाही. भास्कराचार्यांनी चार सोन्यांच्या उदाहरणात वर्ण विचारण्यापूर्वी ‘आवर्तित’ असा शब्द घातला आहे. मुशीत आटून, वितळून, एकजीव झालेले सोने. सुवर्णगणिताचा सारा हिशेब त्या शब्दानंतर सुरू होतो. वॉर्डात त्याचा अर्थ एवढाच की औषध घातल्यावर बाटली खालीवर करून अनेक वेळा उलटावी, आणि मगच टांगावी.